लग्न मोडतानाचा मध्यस्थ

मंडळाच्या अंकात लग्नाविषयी पुष्कळ लिहिले जाते. परदेशात वाढलेल्या मुलांची लग्ने कशी जमवायची, मंगळागौर इथे कशी खेळायची, रुखवतात काय मांडायचे, सगळे येते. लग्न मोडण्याविषयी मात्र आपण कुजबुजतो. गणपतीला एखादे जोडपे दोन वर्षे दिसले नाही की कोणीतरी हळूच विचारते, "ते दोघं आता एकत्र नसतात का हो?" उत्तर येण्याआधीच दुसरे कोणी मोदकाचे ताट पुढे करते आणि विषय तिथेच थांबतो. या लेखात तो मी मुद्दाम पुढे नेणार आहे, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. दोन माणसांचा संसार मोडत असताना तिसऱ्या माणसाचे काम काय?

आपल्याकडे 'मध्यस्थ' हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो लग्न जमवताना. पत्रिका इकडून तिकडे नेणारा, देण्याघेण्याची बोलणी अडली की दोन्ही घरी फोन करणारा, आणि मुलाच्या तापट स्वभावाबद्दल सोयीस्करपणे गप्प बसणारा असा तो मध्यस्थ. जपानीत त्याला 'नाकोदो' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही तोच, मधला माणूस. पूर्वी इथल्या लग्नसमारंभात नाकोदो पतिपत्नी वधूवरांच्या शेजारी बसत, आणि पुढे संसारात खटके उडाले तर गाऱ्हाणे त्यांच्याकडेच नेले जाई. आता इथल्या तरुणांच्या लग्नात नाकोदो क्वचितच दिसतो.

लग्न मोडण्यासाठी मात्र आपल्याकडे बरेच शब्द आहेत. 'घटस्फोट' हा मुळात धर्मशास्त्रातला शब्द. पतित ठरलेल्या माणसाशी संबंध तोडताना ज्ञातीचे लोक पाण्याचा घडा पालथा घालीत, तो विधी म्हणजे घटस्फोट. त्याचा पतिपत्नीशी काही संबंध नव्हता. नवराबायकोच्या विभक्त होण्याला आपण नेमका बहिष्काराचा शब्द लावला, आणि वागतोही तसेच! 'सोडचिठ्ठी'त एक लिहितो आणि दुसऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. राहिला 'काडीमोड'. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून लग्न संपवण्याची रीत होती. म्हणजे तिथे तिसरा माणूस होता. पण तो पंच होता, मध्यस्थ नव्हता. पंचांचे म्हणणे ऐकले नाही तर दंड आणि वाळीत टाकणे ठरलेले. जातपंचायतींच्या या जुलमाविरुद्ध महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. २०१६ साली तो विधिमंडळाने मंजूर केला आणि २०१७ च्या जुलैत तो लागू झाला. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याला मध्यस्थ कसे म्हणायचे?

आता सेंदाईकडे येऊ. इथे काताहिरा नावाचा भाग आहे. तोहोकु विद्यापीठाचा जुना परिसर तिथे आहे, धातू आणि पदार्थांवर संशोधन करणारी नामांकित संस्थाही तिथेच, त्यामुळे इथे संशोधनासाठी आलेल्या आपल्या अनेक लोकांचे जाणेयेणे त्याच रस्त्यांवरून असते. त्याच काताहिरात सेंदाईचे कौटुंबिक न्यायालय आहे. जपानात ही न्यायालये १९४९ साली सुरू झाली. घटस्फोटाचा इथला सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे दोघांनी एका कागदावर सह्या करून तो वॉर्ड ऑफिसात नेऊन देणे. दहातले जवळजवळ नऊ घटस्फोट असेच होतात. न्यायाधीश नाही, चौकशी नाही. पण दोघांचे एकमत झाले नाही तर एकदम खटला भरता येत नाही. आधी कौटुंबिक न्यायालयात 'चोतेई'साठी, म्हणजे मध्यस्थीसाठी, अर्ज करावा लागतो. अर्जाला १२०० येनचा स्टँप लागतो आणि वर थोडा टपालखर्च. सेंदाईत दोघांचे दुपारचे जेवण त्याहून महाग पडते.

चोतेईच्या समितीत एक न्यायाधीश आणि दोन मध्यस्थ सदस्य असतात. बोलणी बहुतेक वेळ हे दोन सदस्यच चालवतात. बहुधा एक पुरुष आणि एक स्त्री, वय साधारण चाळीस ते सत्तरच्या दरम्यान. ते वकीलच असतात असे नाही, जगाचा अनुभव असलेली माणसे म्हणूनही त्यांची नेमणूक होते. नवरा आणि बायको वेगवेगळ्या खोल्यांत थांबतात आणि आळीपाळीने आत जातात, एका वेळी साधारण अर्धा तास. दोनेक तासांत बैठक संपते आणि पुढची तारीख मिळते. सगळे बंद दाराआड. जमले तर ठरलेले न्यायालयात नोंदवले जाते आणि त्या नोंदीला अंतिम निकालाइतकेच बळ असते. जमले नाही तर 'जमले नाही' अशी नोंद होते, आणि ज्याला हवा त्याला खटल्याचा मार्ग मोकळा होतो.

यातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट साधी आहे. या प्रकरणाला न्यायालयात 'घटस्फोटाचा दावा' असे नावच नाही. नाव आहे 'पतिपत्नी संबंधांची जुळवणी', आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एक घटस्फोटाचा, दुसरा 'एनमान', म्हणजे संसार सुरळीत व्हावा यासाठीचा. शिवाय घटस्फोट घ्यावा की नाही याचा मनाशी निश्चय झालेला नसेल तरीही अर्ज करता येतो, असे न्यायालयच सांगते. ज्याला काय हवे आहे ते अजून उमगलेलेच नाही अशा माणसासाठी सरकारी कचेरीत एक खुर्ची राखून ठेवलेली! आपल्याकडे अशा माणसाला घरात बसवून ऐकून घेणारे कोण असते?

असतात की, तुम्ही म्हणाल. आईवडील असतात, काका-मामा असतात, मोठी वहिनी असते. भांडण विकोपाला गेले की पुण्याहून किंवा नाशकाहून कोणीतरी विमानाने येते आणि चार दिवस राहून 'समजूत घालते'. या येण्यामागचे प्रेम खरे असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्याला मध्यस्थी म्हणायला माझे मन तयार होत नाही. आपल्या भाषेत त्यासाठी दुसरा चांगला शब्द आहे, शिष्टाई. श्रीकृष्ण हस्तिनापुरी गेला तो पांडवांचा दूत म्हणून. पाच गावांवर येऊन थांबण्याइतके त्याने मागणे कमी केले, पण तो एका बाजूने आला होता हे कौरवांच्या सभेत सर्वांना ठाऊक होते, आणि त्यानेही ते लपवले नाही. मुलीचे वडील जावयाशी बोलतात ती शिष्टाई. सासूबाई सुनेला रात्री गच्चीवर नेऊन समजावतात तीही शिष्टाईच. बहुतेक वेळा या शिष्टाईचे मागणेही आधीच ठरलेले असते: मोडू नका. लोक काय म्हणतील, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, ह्यांचे ब्लडप्रेशर. यात वाईट काही नाही, फक्त हे बोलणारा माणूस त्या प्रकरणातला एक पक्षकार आहे एवढे त्याने ओळखावे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात समबुद्धीच्या माणसाचे वर्णन करताना 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे दोन शब्द वेगवेगळे आले आहेत. हा भेद मला मोलाचा वाटतो. दोघांच्या भांडणाशी ज्याला देणेघेणे नाही तो उदासीन. मध्यस्थाला दोघांचेही बरे व्हावे असे वाटते. त्याचे मन दोन्हीकडे ओढले जाते, तरी तो एका बाजूला सरकत नाही. मोठ्या कुटुंबात, शंभर ओळखीच्या गावात, कदाचित असा एखादा मास्तर किंवा डॉक्टर सापडत असेल. इथे परदेशात आपण पंधरा-वीस घरे. त्यात अर्धी तिच्या मैत्रिणींची, अर्धी त्याच्या लॅबमधल्या मित्रांची. मध्यस्थ कुठून आणायचा? म्हणून मला परक्या माणसांनी चालवलेली ती काताहिरातली खोली आठवते. तिथल्या दोघांना या जोडप्याच्या लग्नात जेवायला बोलावलेले नव्हते.

पण या गोष्टीची दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. चोतेईवर जपानात होणारी टीका जुनी आहे. 'माआ-माआ चोतेई' असा एक शब्दप्रयोग वापरतात. 'माआ-माआ' म्हणजे आपले 'अहो, जाऊ द्या हो'. दोघांना थोपटायचे, मागण्यांची बेरीज करायची, दोनाने भागायचे आणि प्रकरण निकाली काढायचे. ज्याने जास्त मागितले त्याला भागाकारात जास्त मिळते. ज्याने आधीच समजूतदारपणे कमी मागितले तो आणखी कमी घेऊन घरी जातो. कोणत्याही मध्यस्थीला हा धोका असतोच. न्यायाधीशाला निदान 'कोणाचे बरोबर' हे सांगावे लागते आणि कारणे लिहावी लागतात. मध्यस्थाला तसे बंधन नाही. मग मध्यस्थीने मिळते ती शांतता, की न्याय?

हा प्रश्न मराठी माणसाने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पाहिलेला आहे. रखमाबाईंचा खटला आठवा. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झाले. आई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकल्या, आणि मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण पुन्हा खाली आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की बाईंनी नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करू असे सांगितले. केसरीने त्यांच्याविरुद्ध लिहिले, इंग्लंडपर्यंत वाद गेला, आणि १८८८ च्या जुलैत प्रकरण मिटले ते तडजोडीने. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणार नाही असे कबूल केले.

दोन हजार रुपये! ज्या लग्नाला तिची संमती कोणी विचारलीच नव्हती, त्यातून सुटण्यासाठी बाईने मोबदला मोजायचा. न्यायाच्या तराजूत घातले तर ही तडजोड उघडउघड अन्यायाची आहे. शिवाय निकाल कायद्याच्या पुस्तकात तसाच राहिला. तिच्यामागून येणाऱ्या बायकांना त्या तडजोडीचा दाखला देता येणार नव्हता. तडजोड फक्त तिची होती. उलट बाजूने पाहा. पुढल्याच वर्षी त्या इंग्लंडला वैद्यकाच्या शिक्षणासाठी गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढत राहिल्या असत्या तर कदाचित कायदा हलला असता, कदाचित आयुष्य त्यातच गेले असते. तिला 'तू तत्त्वासाठी लढायला हवे होतेस' असे म्हणायचा अधिकार कोणाला आहे? मला तरी तो वाटत नाही. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली, आणि देशाला हिंदू विवाह कायदा १९५५ साली. त्याच १९५५ च्या सप्टेंबरात रखमाबाई वारल्या, नव्वदाव्या वर्षी. नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची तरतूद त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये आली, हेही इथेच सांगून ठेवतो.

या तडजोडीत एक गोष्ट मात्र होती, आणि मला वाटते तीच कसोटी आहे. रखमाबाईंना 'नाही' म्हणता येत होते. तुरुंगात जायची तयारी दाखवलेली बाई वाटाघाटीत दुबळी नसते. तिच्यामागे घर होते, मदत करणारी समिती होती, शिक्षण होते. हे काहीच नसलेल्या बाईने तेच दोन हजार मोजले असते तर त्याला तडजोड म्हणता आले असते का?

हीच कसोटी आपल्या आजच्या घरांना लावून बघू. समजा एक जोडपे आहे, कोणीही. तो काताहिराला संशोधक. ती मुंबईत नोकरी करत होती, ती सोडून इथे आली. तिचा व्हिसा 'कुटुंबासह राहणे' या प्रकारचा, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर उभा. परवानगी काढून ती आठवड्याला २८ तास काम करू शकते. जपानी तिला भाजी आणण्यापुरते येते. बँकेचे खाते त्याचे, घराचा करार त्याचा. घटस्फोट झाला तर १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचे, आणि मग इथे राहायचे कशाच्या आधारावर हा प्रश्न. मुलगा पाच वर्षांचा, इथल्या बालवाडीत जातो आणि मराठीपेक्षा जपानी भरभर बोलतो. आता या दोघांना समोरासमोर बसवून 'तुम्ही शहाणी माणसे आहात, आपसात ठरवा' असे म्हणणे यात समानता कुठे आहे? जपानी मध्यस्थाने कितीही समतोल राखला तरी दोन्ही पारड्यांत मुळातच वेगळे वजन पडलेले आहे. व्हिसाची, पैशाची आणि भाषेची बाब आधी मोकळी केल्याशिवाय मध्यस्थी सुरू करू नये असे माझे मत आहे. जिथे मारहाण आहे तिथे तर मध्यस्थीचे नावच काढू नये. आधी तिला किंवा त्याला सुरक्षित जागी पोचवावे. जपानात २००१ पासून आणि भारतात २००५ च्या कायद्याने त्यासाठी वेगळे संरक्षण आहे.

भाषेचे म्हणाल तर तो आणखी एक मजेशीर पेच. कार्यवाही जपानीत चालते, म्हणजे दुभाषा हवा. 'टोमणा' या शब्दाला जपानी प्रतिशब्द काय द्यायचा, आणि "तुझ्या आईसारखंच करतेस" यातला दंश कसा पोचवायचा? आणि सेंदाईत मराठी दुभाषा मिळालाच तर गेल्या पाडव्याला त्याच्याकडे आपण श्रीखंड खाल्लेले असायची शक्यता बरीच. मला वाटते कित्येक जण अशा वेळी हिंदी किंवा इंग्रजी दुभाषाच मागतील. आपल्या भाषेत बोलायचे नाही म्हणजे आपल्या माणसांना कळणार नाही, ही परदेशातली एक विचित्र सोय आहे.

कायद्याचीही एक गाठ आहे, ती थोडक्यात सांगतो. दोघेही भारतीय नागरिक असतील तर जपानचा कायदा घटस्फोटासाठी भारताच्या कायद्याकडे बोट दाखवतो, आणि हिंदू विवाह कायद्याखाली कागदावर दोन सह्या करून लग्न संपत नाही, न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. म्हणून वॉर्ड ऑफिसच्या कागदावर विसंबून भारतात पुन्हा लग्न करायला जाऊ नये. परदेशी न्यायालयाचा हुकूम भारतात केव्हा मानायचा याची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव प्रकरणात घालून दिली आहे. तेव्हा आपल्यातले बहुतेक जण शेवटी आपापल्या शहरातल्या कौटुंबिक न्यायालयातच जातात. १९८४ च्या कायद्याखाली पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये १९८९ पासून आहेत. तिथे विवाह समुपदेशक असतात, आणि प्रकरण आधी त्यांच्याकडे जाते. परस्परसंमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबावे लागे; २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मुदत माफ होऊ शकते, मात्र मध्यस्थीचे सर्व प्रयत्न संपलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न दोघांत खरोखर सुटलेला हवा. त्याच निकालाने अशा प्रकरणात व्हिडिओवरून हजर राहण्याची वाटही दाखवली. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला, त्यात ऑनलाइन मध्यस्थीलाही स्थान आहे. म्हणजे सेंदाईतल्या जोडप्याला पुण्यातला मध्यस्थ लाभणे आता अशक्य राहिलेले नाही. (हे सगळे दिशा दाखवण्यापुरते. प्रत्यक्षात दोन्ही देशांतल्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.)

आपल्याकडच्या समुपदेशकांबद्दल एक वाक्य लिहायलाच हवे. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांच्या रांगा आणि त्यांच्या हाताशी असलेला वेळ यांचे गणित जमत नाही, तरी त्यातले कितीतरी जण फार शांतपणे ऐकून घेतात. फक्त कायद्याने त्यांना आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगितले आहे, आणि 'समेट' शब्दाचा आपल्या मनातला अर्थ एकच आहे: परत एकत्र राहणे. नीट वेगळे होणे हाही समेट असू शकतो, हे आपल्या भाषेत अजून रुजायचे आहे.

आता मुलांचा प्रश्न. मध्यस्थीच्या टेबलावर ज्याचे सर्वांत जास्त पणाला लागलेले असते त्यालाच तिथे खुर्ची नसते. जपानात कौटुंबिक न्यायालयाचे तपास अधिकारी असतात, मानसशास्त्र शिकलेले. ते गरज पडल्यास मुलाला भेटतात, त्याच्याशी खेळतात, बोलतात. पण कायद्याने घटस्फोटानंतर मुलाचा ताबा एकाच पालकाकडे जात असे. दुसरा पालक, बहुतेक वेळा बाप, हळूहळू मुलाच्या आयुष्यातून पुसला जाई. मे २०२४ मध्ये जपानच्या संसदेने हा कायदा बदलला. दोघांकडे मिळून ताबा ठेवता येईल अशी सोय केली, आणि १ एप्रिल २०२६ ही तिच्या अंमलाची तारीख ठरली. मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेण्याविरुद्धचा हेग करार जपानला १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. याचा अर्थ रागाच्या भरात एकाने मुलाला घेऊन नारिताहून विमान पकडले तर दुसऱ्याला तो करार कामाला येत नाही, भारतातल्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, आणि तोवर मुलगा दुसरीत गेलेला असतो. इथे मला मध्यस्थीचा पक्ष सर्वांत बळकट वाटतो. नवराबायकोचा हिशेब न्यायाधीश करू शकेल, पण पुढची पंधरा वर्षे या दोघांना एका मुलाचे आईबाप म्हणून बोलत राहायचे आहे. खटल्यात एकमेकांविरुद्ध जे लिहिले जाते ते वाचल्यावर बोलणे अवघड होते. ते कागद मुलगाही कधीतरी वाचू शकतो.

मग आपण मित्रांनी, मंडळातल्या लोकांनी काय करावे? मध्यस्थ होऊ नये. आपल्याला दोघांपैकी एकाबद्दल आधीच मत असते आणि ते आपल्या चेहऱ्यावर दिसते. मित्राची कामे मध्यस्थाच्या कामांहून वेगळी आहेत आणि तीही कमी नाहीत. काताहिराच्या तारखेच्या दिवशी मुलाला बालवाडीतून आणणे. तिला महिनाभर राहायला खोली देणे. त्याच्याकडे रविवारी डबा नेऊन तासभर क्रिकेटविषयी बोलणे. आणि दोघांनाही संक्रांतीचे आमंत्रण पाठवणे. कोणी यायचे ते त्यांनी ठरवावे. आपल्याकडे आमंत्रण नेमके एकालाच जाते, आणि कोणाला जाते यावरून मंडळाने निकाल दिलेला असतो.

समजुतीचा कागद करायची वेळ आली तर तो जितका बारीक तितका बरा. घर, पैसा, दागिने यांबद्दल लोक आपोआपच बारीक लिहितात. मुलाविषयी मात्र 'वेळोवेळी भेटता येईल' असे एक गुळगुळीत वाक्य टाकतात आणि पुढे त्या 'वेळोवेळी'वरून दुसरे भांडण उभे राहते. कोणता वार, किती वाजता, कोणाच्या फोनवरून, सुट्टीत तिकीट कोण काढणार, दिवाळी कोणाकडे आणि इथली ओबोनची सुट्टी कोणाकडे, मराठी वाचायला कोण शिकवणार, दोन्ही आज्यांशी बोलणे कधी, हे लिहावे. जपान आणि भारत यांच्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक आहे. सेंदाईत रविवारी संध्याकाळी सहा वाजता फोन लावला तर पुण्यात दुपारचे अडीच वाजलेले असतात, आजीची झोप व्हायची असते. सात बरे.